धाकट्याची साठी

मी छत्तीस वर्षांची आहे आणि माझी फुप्फुसं एकसष्ट वर्षांची. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की काही माणसं लगेच चुकचुकायला लागतात, आणि काहींना गंमत वाटते, ती विचारतात की मग जिना चढताना म्हातारं झाल्यासारखं वाटतं का. मला दोघांचाही राग येतो. चटकन राग येणं हा माझा जुना स्वभाव आहे. शस्त्रक्रियेत तेवढा बदलायचा राहून गेला.

आजारी पडण्याआधी मी सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका विमा कचेरीत होते. माझ्या टेबलाशी माणूस यायचा तो आपलं वय घेऊन. बाकी सगळं नंतर, आधी जन्मतारखेचा पुरावा. वय जास्त असलं की हप्ता जास्त, आणखी जास्त असलं की तपासण्या, आणि त्याहून जास्त असलं की गोड बोलून वाटेला लावायचं. हे इतकी वर्षं केलं की भाजीवाल्याकडे बघतानासुद्धा त्याचा हप्ता किती बसेल हे डोक्यात यायचं. तिथंच मला कळलं की आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. माढ्याचा मास्तर एक जून, अक्कलकोटचा ट्रकवाला एक जून, त्याची बायको एक जून. बाहेरगावाहून बदलून आलेले साहेब हे बघून कपाळाला हात लावायचे. मला त्यात नवल वाटायचं नाही, कारण त्यातल्या कितीतरी तारखा माझ्या वडिलांनी लिहिलेल्या होत्या.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते मैंदर्गीच्या शाळेत कारकून होते. शाळा उघडली की आईबाप पोराला हाताला धरून घेऊन यायचे. जन्म कधीचा म्हणून विचारलं की सांगायचे, ज्वारी काढणीला आली होती तेव्हा, किंवा थोरली म्हैस व्याली त्या साली. मग अप्पा पोराला सांगायचे की उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. तारीख एक जून. अशा रीतीनं अप्पांनी गावातल्या दोन पिढ्यांना जन्माला घातलं, असं आई म्हणायची. अप्पा साठीला आले त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. नातेवाइकांनी साठीशांतीचा विषय काढला तेव्हा अप्पा म्हणाले, शेजारी बसायला जोड नाही, शांत कुणाची करायची. विषय तिथंच मिटला. तोवर आम्ही सोलापुरात घर घेतलं होतं, आणि घरात आम्ही दोघंच उरलो होतो.

मग माझा दम. सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावर फाईल घेऊन जाताना लागायचा, नंतर वेणी घालताना लागायला लागला. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती, आणि का, ते कुणालाच सांगता आलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ही फुप्फुसं आता सुधारणार नाहीत, दुसरी मिळाली तर बघा. पुण्यातल्या इस्पितळात यादीत नाव लागलं. बोलावणं आलं की लगेच पोचता यावं म्हणून आम्ही तिथंच जवळ एक खोली घेतली. खोलीत प्राणवायूचं यंत्र दिवसभर घरघरत असे आणि अप्पा स्टोव्हऐवजी विजेच्या शेगडीवर पिठलं करत. शिकत शिकत करत, त्यामुळे ते रोज वेगळं लागे.

वाट बघताना माझ्या मनात दाता म्हणून कायम कुणीतरी माझ्याच वयाचं असायचं. हे मनात आणणंही वाईट होतं, कारण त्या वयाचं कुणीतरी जावं असाच त्याचा अर्थ. पण मनाला कोण आवरणार. म्हणून एका दुपारी बोलावणं आलं आणि डॉक्टरांनी समोर बसवून दात्याचं वय अठ्ठावन्न आहे असं सांगितलं, तेव्हा मला चक्क फसवल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी घाई केली नाही. फुप्फुसं चांगली आहेत म्हणाले, विडी-सिगारेट नाही, तपासण्या ठीक आहेत. पण तुमच्यात आणि दात्यात वयाचं अंतर मोठं आहे. तरुण शरीरात वयस्क फुप्फुसं बसवली तर पुढं बऱ्याच वर्षांनी काय होतं, यावर आमच्यातही एकमत नाही. कित्येकांची उत्तम चालतात. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा, नाव यादीत राहील. फक्त तुमच्या हातात थांबायला किती वेळ आहे, ते मी सांगू शकत नाही.

माझ्यातली विमा कचेरी जागी झाली. अठ्ठावन्न. आमच्याकडे अठ्ठावन्नचा माणूस आला की आम्ही खुर्चीत नीट सरसावून बसायचो. इथं मी त्याच्याच श्वासावर माझं पुढचं सगळं आयुष्य लावणार होते. मी अप्पांकडे बघितलं. ते चौसष्ट वर्षांचे होते, जिना चढले की गुडघ्यावर हात ठेवून उभे राहायचे. म्हणजे जवळजवळ असल्याच माणसाची फुप्फुसं.

अप्पांनी माझ्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं. मला ते अव्वा म्हणायचे. आमच्या त्या सीमेवरच्या भागात लेकीला लाडानं आई म्हणतात, तसं.

"अठ्ठावन्न म्हंजे कागदावरचं की, अव्वा," ते म्हणाले. "कागद कोण लिवतंय, मला इचार. पोरगं लौकर शाळंत बसावं म्हणून बाप वय वाडवून सांगायचा. खरं छप्पन्न असंल. पंचावन्नबी असंल."

भांडायला दम असता तर मी भांडले असते. लोक वय कमी करूनही लावतात, नोकरी लांबावी म्हणून, आणि ते मला अप्पांहून जास्त माहीत होतं. पण दम नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यांचं ते बोलणं ऐकून मला धीर आला. मी हसले, खोकले आणि सही केली.

शस्त्रक्रियेबद्दल मला विशेष काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी नळ्या निघाल्या, आणि मी एक श्वास घेतला तो आत जातच राहिला. कितीतरी वेळ जात राहिला. मला भीती वाटली की एवढा घेतला तर चालेल ना.

घरी परतलो ते नियमांचं गाठोडं घेऊन. शरीरानं परकी फुप्फुसं नाकारू नयेत म्हणून जी औषधं देतात, ती अंगातली प्रतिकारशक्तीच पाडून टाकतात. त्यामुळे गर्दी बंद, लग्नं बंद, बारशी बंद, धूळ बंद, धूर बंद. मातीत बुरशी असते म्हणून कुंड्या बंद; अप्पांनी अंगणातली तुळस उचलून शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवली. औषधाशी जमत नाही म्हणून डाळिंबसुद्धा बंद, आणि तेही सोलापुरात राहून. उदबत्ती बंद झाली तेव्हा अप्पांनी देवांना काय सांगितलं कोण जाणे, पण पूजा नुसत्या फुलांवर आली, तीही पुढच्या खोलीत. माझी खोली मागची. तिला अंगणाकडे मोठी खिडकी, काच कायम लावलेली. अप्पांना जरा शिंक आली तरी ते उंबऱ्याबाहेर थांबत आणि तिथून बोलत.

रोज सकाळी मला एका छोट्या यंत्रात जोरानं फुंकायचं असतं. फुप्फुसांत किती जोर आहे त्याचा आकडा त्यावर येतो. आकडा घसरायला लागला तर समजायचं, आत काहीतरी बिघडतंय. मी फुंकायचे आणि दाराबाहेर अप्पा उभे असायचे. पहिले काही दिवस ते नुसतं "किती?" म्हणून विचारत. मग एका सकाळी म्हणाले,

"काय म्हणतोय धाकटा?"

कोण धाकटा, असं मी विचारलं. ते म्हणाले, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान म्हणजे धाकटा भाऊच की माझा. मी म्हटलं, बाई असली तर? आपल्याला वयाखेरीज कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले की मग तुझी आत्या, तरी माझ्यापेक्षा धाकटीच. पण त्यांच्या तोंडात धाकटाच बसला. आकडा चांगला असला की धाकटा खुशीत, थोडा खाली आला की धाकटा रुसला. मी चिडले की म्हणायचे, त्याच्यावर नको ओरडू, तो पाहुणा हाय. मला ते बालिश वाटायचं. पण रोज सकाळी दाराबाहेरून तो प्रश्न येईपर्यंत मी यंत्र खाली ठेवत नसे.

मी एकटी पडले होते, हे सरळच सांगते. मला जगायला मिळालं होतं, पण सगळ्यांपासून लांब राहायच्या अटीवर. कचेरीतल्या मैत्रिणी आधी फोन करायच्या, नंतर निरोप पाठवायच्या, नंतर सणाला चित्रं पाठवायला लागल्या. स्थळं येणं थांबलं. पगार, उंची, पत्रिका विचारणारे, फुप्फुसं कुणाची हे विचारायला तयार नव्हते. संक्रांतीत गड्ड्याच्या यात्रेला सगळं शहर लोटतं, तेव्हा काठ्यांच्या मिरवणुकीचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. मी काचेआडून तो ऐकायचे. काकू तिळगूळ घेऊन फाटकाशी यायच्या, अप्पा तो घ्यायचे आणि मी आतून हात हलवायचे. काकूंना वाटायचं मी किती आनंदात आहे.

आणि कधी कधी मी छातीवर हात ठेवून विचार करायचे की हे माणूस कोण होतं. अठ्ठावन्न वर्षं त्यानं कुठली हवा घेतली असेल. कुणाच्या लग्नात दमेपर्यंत नाचलं असेल, कुणावर ओरडलं असेल. त्याच्या घरी कुणीतरी माझ्यासारखीच मुलगी असेल, आणि तिच्या वडिलांचा श्वास इथं माझ्या अंगात चालू आहे, हे तिला ठाऊक नसेल. माझे वडील दाराबाहेर होते. तिचे नव्हते. या विचारापाशी आलं की मी उठून कपड्यांच्या घड्या घालायला घ्यायचे.

दोन वर्षं अशी गेली. मे महिन्यात, ऊन मी म्हणत होतं तेव्हा, अप्पा एकदा जेवताना म्हणाले की धाकट्याला यंदा साठ पुरी होतील, त्याची साठी करायला पाहिजे. मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते गुरुजींना विचारूनही आले होते. गुरुजींनी होम सांगितला. होमाला धूर आला, धूर आला म्हणजे मी नाही, आणि मी नाही म्हणजे धाकटा नाही. ते गुरुजींवर वैतागले होते. मग त्यांनी आपणच ठरवलं की होम राहू दे, साठ दिव्यांनी ओवाळतात तेवढं करू.

मी म्हटलं, अप्पा, जन्मतारीख तरी माहीत आहे का तुम्हाला त्याची? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची अख्खी नोकरी विसरले होते.

"एक जून," ते म्हणाले.

मी रागावले. हे सगळं करून काय साधायचं, असं मी बोलले. फुप्फुसं म्हातारी होतायत हे साजरं करायची काय गोष्ट आहे? तुम्हीच म्हणाला होता ना की खरं वय छप्पन्न? मग आता साठ कशी? अप्पा ताटातली भाकरी मोडत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, ते तुला तवा धीर यावा म्हणून बोललो होतो, अव्वा. त्या जेवणानंतर मला पहिल्यांदा नीट कळलं की त्या दिवशी पुण्यात तेही माझ्याइतकेच घाबरले होते.

एक जूनच्या आधी त्यांना सर्दी झाली. म्हणजे ते आत येऊ शकत नव्हते. मला वाटलं, सुटले. पण संध्याकाळी बघते तर ते अंगणात बसलेले, पुढ्यात काकूंकडून आणलेली मोठी परात. काकूंनी कणीक मळून दिली होती आणि अप्पांनी दुपारभर बसून त्याचे दिवे केले होते. काही गोल, काही वेडेवाकडे, एकदोन तर वाटीएवढे मोठे. पुरुषमाणूस कुठं ओवाळतं का, असं काकू फाटकातून म्हणाल्या. अप्पा म्हणाले, बाई कुठून आणू? काकू फाटकातून आत आल्या आणि वाती वळायला बसल्या.

वारा नव्हता. दिवे लागले तसे ते परात उचलून खिडकीपाशी आले. मी आतून काचेला लागून उभी राहिले. त्यांनी तोंडाला रुमाल बांधला होता. परात जड होती, आणि दिव्यांच्या उजेडात त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. ते परात गोल फिरवत होते तशी उजेडाची हलती वर्तुळं माझ्या गाउनवरून फिरत होती, पण ऊब काचेतून येत नव्हती. मग त्यांनी परात खिडकीच्या कट्ट्यावर टेकवली, रुमाल खाली केला, आणि माझ्या तोंडाकडे न बघता, सरळ माझ्या छातीकडे बघून बोलले. काच होती म्हणून जरा मोठ्यानं बोलले.

"धाकट्या, मी मोठा हाय तुझ्यापेक्षा. नंबर माझा पयला. तू मधी घुसू नकोस. मी गेल्यावर पोरीला तूच हाईस."

काकू तोंडाला पदर लावून आपल्या घरी गेल्या. मी काचेवर तळवा ठेवला होता. अप्पांनी पलीकडून आपला ठेवला नाही, त्यांना असलं काही सुचायचं नाही. ते वाकून एक एक दिवा विझवायला लागले, म्हणजे धूर माझ्याकडे यायला नको. तोंडानं फुंकून नव्हे, दिवा फुंकू नये म्हणून, बोटांनी चिमटीत धरून. साठी त्यांची स्वतःची राहिली होती, ती अशी दुसऱ्याच्या नावानं झाली.

नंबर त्यांचा पहिला लागला. त्याच वर्षीच्या थंडीत. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते भरताना त्यांच्या छातीत कळ आली. मी रिक्षात त्यांच्याबरोबर इस्पितळाच्या दारापर्यंत गेले, तोंडाला दुहेरी मास्क लावून, पण आत मला सोडलं नाही, माझी फाईल बघितल्यावर तर मुळीच नाही. मैंदर्गीहून चुलतभाऊ आला आणि तो त्यांच्याजवळ बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोन अप्पांच्या कानाला लावला. मी सगळं विचारलं, दुखतंय का, खाल्लं का, डॉक्टर काय म्हणाले. त्यांनी त्यातल्या कशाचंच उत्तर दिलं नाही. म्हणाले,

"काय म्हणतोय धाकटा?"

मी आकडा सांगितला. ते "बरं हाय" म्हणाले आणि फोन चुलतभावाकडे दिला. दुपारी ते गेले.

मी त्यांचं एकुलतं एक अपत्य. अग्नी देण्याचा हक्क माझा होता, आणि मी तो कुणालाही दिला नसता, भांडून घेतला असता. पण चितेचा धूर मला चालत नाही. चुलतभावानं अग्नी दिला. मी स्मशानाबाहेर गाडीत बसले होते, काचा लावून, एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवून. ड्रायव्हर बाहेर उभा होता. धूर वर जाताना मला दिसला, आणि मी तो माझ्यापर्यंत यायच्या आत ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. वडिलांच्या धुरापासून पळून जाणारी मी एकटीच असेन. पण त्यांनी धाकट्याला माझं बघायला सांगितलं होतं, तसं मलाही धाकट्याचं बघायचं होतं.

तेव्हापासून घरात मी एकटी. चुलतभाऊ मैंदर्गीला चल म्हणतो, पण तिथं अंगणात शेळ्या आणि चुलीचा धूर. काकू फाटकाशी येतात, भाजी ठेवून जातात. सकाळी मी यंत्रात फुंकते, आकडा बघते आणि यंत्र पुसून ठेवते. दाराकडे बघत नाही.

परवा एक जून होता. काकूंनी आदल्या दिवशी फाटकातून विचारलं, कणीक मळून देऊ का. मी नको म्हटलं. स्वतःला ओवाळता येत नाही, आणि काचेबाहेर उभं राहणारं आता कुणी नाही. त्या म्हणाल्या, मी ओवाळते की. पण त्या खोकत होत्या, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं. त्या तशाच परत गेल्या.

सकाळी उठले आणि फुंकलं. आकडा गेल्या महिन्याइतकाच होता, किंचित वरच. एकसष्टाव्या वर्षी, म्हणजे खरं वय त्रेसष्टही असेल, कागदाचा काय भरवसा. मी यंत्र हातात धरून बसले. मग उठून दार उघडलं. बाहेर अप्पांच्या चपला अजून आहेत, त्या मी हलवलेल्या नाहीत.

"धाकटा बरा आहे, अप्पा," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं, शेजारपर्यंत जाईल इतकं. तेवढं बोलूनही दम लागला नाही. पाणी आलं होतं, मग मी हंडे भरायला गेले.